भ्रष्ट नामांचा उलगडा : सुरतेच्या इंग्रजी पत्रांच्या निमित्ताने

मराठ्यांच्या इतिहासाची कित्येक समकालीन साधने मराठीत नाहीत, ही गोष्ट अभ्यासकांस नवी नाही. सतराव्या शतकातील अनेक घटनांची हकीकत इंग्रज, डच, फ्रेंच व पोर्तुगीज लोकांच्या लेखणीतूनच आपल्यापर्यंत पोहोचली आहे. सुरतेची इंग्रज वखार हे अशा लेखनाचे एक मोठे केंद्र होते. तेथील व ठिकठिकाणच्या वखारींच्या पत्रांतील शिवछत्रपतींसंबंधीचा मजकूर पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. परंतु हा ग्रंथ उघडणाऱ्या मराठी वाचकास पहिल्याच पानावर ठेच लागते. आपलीच माणसे व आपलीच गावे तेथे इतकी वेष पालटून उभी असतात, की ती ओळखू येऊ नयेत. हा वेष कसा उतरवावा, याविषयी थोडे विवेचन येथे करावयाचे आहे.

पहिली गोष्ट अशी, की भ्रष्ट रूप हे सहसा स्वैर नसते. परका कान अनोळखी ध्वनीस आपल्या ओळखीच्या ध्वनीकडे ओढतो. मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश इंग्रज शिपायांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाला. ही दोन्ही इंग्रजी आडनावे होत, आणि १८८६ साली यूल व बर्नेल यांनी आपल्या सुप्रसिद्ध कोशास तेच नाव दिले. खांदेरी-उंदेरी या जोडबेटांचे इंग्रजी पत्रांत ‘हेंड्री-केंड्री’ होते, ते याच न्यायाने. सुरतेजवळच्या सुवाळीचे ‘स्वॅली’ झाले, ‘गलबता’चे ‘गॅलिव्हट’ झाले. ‘शिवाजी’ हे नाव तर अशा अक्षरांत लिहिलेले आढळते, की मराठी वळणाने वाचल्यास ‘सेवागी’ असा उच्चार व्हावा. लेखकास ट आणि त यांचा भेद ऐकू येत नाही, महाप्राण गळतात, ळकाराची वाट लागते. या सवयी एकदा ध्यानात आल्या म्हणजे निम्मे काम झाले.

निम्मेच, असे म्हणण्याचे कारण आहे. ध्वनिसाम्य हा वाटाड्या खरा, पण तो फसवाही आहे. ‘घेरिया’ या किल्ल्याचे नाव वाचताच मराठी मनास ‘घेरा’ हा शब्द आठवतो, व पाण्याने वेढलेला म्हणून घेरिया, अशी व्युत्पत्ती सुचते. परंतु हा किल्ला म्हणजे विजयदुर्ग, आणि त्याच्या शेजारीच गिर्ये नावाचे गाव आहे. शब्द कितीही गोड जुळला, तरी जागेची साक्ष काढल्यावाचून निर्णय देऊ नये, हा धडा येथे मिळतो. राजापूर व दंडा-राजपुरी यांचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. पत्रांत दोन्ही नावे जवळजवळ एकाच रूपात येतात. पहिले रत्नागिरीकडील बंदर. तेथे इंग्रजांची वखार होती आणि १६६१ साली शिवछत्रपतींनी तीवर हल्ला केला. दुसरे जंजिऱ्यासमोरचे, सिद्दीच्या मुलखातले. यांची अदलाबदल झाली, तर इंग्रजांशी झालेला झगडा सिद्दीच्या माथी बसेल.

व्यक्तिनामांतही हाच धोका आहे. सुरतेच्या पत्रांतील ‘विरजी व्होरा’ हा जगप्रसिद्ध धनाढ्य व्यापारी. आडनाव ऐकून त्यास बोहरा समजण्याचा मोह होतो, आणि सुरतेत बोहरा समाज मोठा असल्याने तो मोह बळावतो. प्रत्यक्षात हा गृहस्थ जैन होता.

नावांप्रमाणे तारखाही वेष पालटतात. सुरतेवरील पहिली स्वारी जानेवारी १६६४ मधली. पण त्या काळी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्यांच्या हिशेबी तो महिना १६६३ मध्येच पडतो. ही रीत १७५२ पर्यंत चालू होती. शिवाय त्यांचे दिनमान आजच्या गणनेहून दहा दिवस मागे होते. हे न जाणणारा वाचक एकाच स्वारीच्या दोन स्वाऱ्या करील, किंवा पत्रलेखकास खोटा ठरवील.

कोणी विचारील, इतका काटेकोरपणा कशासाठी? सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसास याचे उत्तर बाहेर शोधावे लागत नाही. जी घटना आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात पराक्रम म्हणून येते, तीच त्यांच्या गुजराती शेजाऱ्याच्या स्मरणात लूट म्हणून असते. दोघेही साक्षीदार म्हणून त्याच परकीय पत्रांकडे बोट दाखवितात. अशा वेळी एका नावाचे वा तारखेचे चुकीचे वाचन हा केवळ पंडिती दोष राहत नाही. त्यातून शेजाऱ्याशेजाऱ्यांत तेढ उभी राहू शकते. आणि ही पत्रे लिहिणारा तर आपला माल वाचविण्याच्या चिंतेत असलेला व्यापारी होता, हेही विसरून चालणार नाही. त्याच्या शब्दाचे रूप शोधावे, तसाच त्याचा हेतूही शोधावा.

हल्ली तरुण मंडळी संगणकजालावरील रहस्यमालिकांतील मोडके परकीय वाक्य सोडविण्यासाठी रात्री जागवितात. एकजण अक्षरे लावतो, दुसरा कोश धुंडाळतो, तिसरा दोघांची चूक काढतो. ही जिज्ञासा तुच्छ लेखण्याजोगी नाही; शिक्षकाने तिला योग्य खाद्य पुरवावे. दहा भ्रष्ट नावे फळ्यावर लिहावीत, सोबत जिल्ह्याचा नकाशा द्यावा, आणि प्रत्येक उत्तरास तीन प्रश्न विचारावेत : ध्वनी जुळतो काय? जागा जुळते काय? काळ जुळतो काय? तिन्ही जुळली तरच उत्तर मान्य करावे. दोनच जुळली, तर त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. ते प्रश्नचिन्ह न लाजता ठेवण्यास विद्यार्थी शिकला, म्हणजे इतिहासाच्या अभ्यासास त्याने खरा प्रारंभ केला असे समजावे.