ऑनलाइन करभरणा : लायब्ररीचे काम आणि कार्यालयाची जबाबदारी

मार्चअखेर जवळ आली, की ग्रामपंचायत कार्यालयात घरपट्टी व पाणीपट्टी भरणाऱ्यांची वर्दळ वाढते. वसुली करणारा कर्मचारी मागणी नोंदवहीत खातेदाराचे नाव पाहतो, नोटा मोजून घेतो आणि मगच नमुना १० ची पावती फाडतो. पैसे हाती आल्यावाचून पावती नाही आणि पावती दिल्यावाचून पैसे ठेवून घ्यावयाचे नाहीत, हा या व्यवहाराचा साधा दंडक होय. तोच खातेदार नोकरीनिमित्त पुण्यास किंवा मुंबईस राहत असेल आणि मोबाइलवरून कर भरू इच्छित असेल, तर नोटा मोजणारा हात तेथे नसतो. अशा वेळी पैसे खरोखरच जमा झाले, हे पंचायतीच्या संकेतस्थळाने कसे ओळखावयाचे? ऑनलाइन भरण्याची सारी व्यवस्था या एका प्रश्नाभोवती उभी आहे.

मध्यस्थ सेवा आणि तयार आज्ञावल्या

करदाता कोणत्या बँकेतून, कार्डाने की यूपीआयने पैसे देईल, हे आधी ठाऊक नसते. प्रत्येक बँकेशी स्वतंत्र जोडणी करणे लहान संस्थेस शक्य नाही. म्हणून अनेक मार्गांनी येणारे पैसे स्वीकारून ते संस्थेच्या खात्यात जमा करणाऱ्या मध्यस्थ सेवा पुढे आल्या. त्यांना पेमेंट ॲग्रिगेटर असे म्हणतात. १७ मार्च २०२० रोजी भारतीय रिझर्व्ह बँकेने अशा सेवांसाठी नियम घालून दिले. २०१४ मध्ये स्थापन झालेली बंगळूरची रेझरपे ही अशा सेवांपैकी एक. सेवेची निवड शासनाच्या प्रचलित नियमांप्रमाणेच व्हावयास हवी. येथे कामाची रीत समजावी म्हणून या सेवेचे उदाहरण घेतले आहे.

संकेतस्थळ आणि ही सेवा यांच्यातील निरोपांची देवाणघेवाण ठराविक नमुन्यात व्हावी लागते. प्रत्येक निरोप मुळापासून लिहावयाचा, तर श्रम फार आणि चुकीची भीतीही मोठी. यासाठी कंपनी पीएचपी, पायथन, जावा आदी संगणकीय भाषांत तयार आज्ञावल्यांचा संच उपलब्ध करून देते. यासच कोड लायब्ररी म्हणतात. कोऱ्या कागदावर अर्ज लिहिण्याऐवजी छापील नमुना भरावा, तसा हा प्रकार आहे. छापील नमुन्याने अर्जाची मांडणी चुकत नाही. मात्र त्यात भरलेली माहिती खरी असण्याची जबाबदारी अर्जदाराचीच राहते. लायब्ररीचेही तसेच आहे.

व्यवहाराचे टप्पे

समजा, एका खातेदाराकडे १,२४५ रुपये कर येणे आहे. पहिल्या टप्प्यात पंचायतीचा सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ चालविणारा संगणक, लायब्ररीच्या साहाय्याने सेवेकडे एक ‘ऑर्डर’ नोंदवितो. रक्कम पैशांत कळवावी लागते. म्हणजे १,२४५ ऐवजी १,२४,५०० असा आकडा द्यावा लागतो. ही बाब विसरल्यास करदात्याकडून केवळ १२ रुपये ४५ पैसे घेतले जातील. ही रक्कम सर्व्हरने मागणी नोंदवहीतूनच घ्यावयास हवी. करदात्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या पानावरून ती घेतल्यास थोडेफार तंत्र जाणणारा मनुष्य ती बदलू शकतो.

दुसऱ्या टप्प्यात करदात्यासमोर सेवेचे स्वतःचे भरणापत्रक उघडते. कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआयचा तपशील तो तेथे देतो. ही माहिती पंचायतीच्या संगणकात येत नाही आणि येऊही नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने विक्रेत्या संस्थांना ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई केली आहे.

भरणा यशस्वी झाला, की तिसऱ्या टप्प्यात तीन गोष्टी परत येतात : ऑर्डरचा क्रमांक, भरण्याचा क्रमांक आणि ‘सिग्नेचर’ म्हणजे सांकेतिक सही. येथेच पुष्कळ संकेतस्थळांची गफलत होते. ‘भरणा यशस्वी’ असे पान दिसले, की पावती तयार केली जाते. परंतु ते पान करदात्याच्या ब्राउझरमार्फत आलेले असते आणि तसा निरोप बनावटही असू शकतो.

सहीची पडताळणी

सेवेने संस्थेस एक गुप्त किल्ली दिलेली असते. ऑर्डरचा क्रमांक व भरण्याचा क्रमांक एकत्र करून, त्यावर या किल्लीच्या आधारे एक गणिती प्रक्रिया केली, की ६४ चिन्हांची सही तयार होते. मूळ मजकुरात एका अक्षराचा फरक पडला, तरी सही पार बदलते. आणि किल्ली जवळ नसेल, तर ती तयारच करता येत नाही. पंचायतीचा सर्व्हर आपल्या दप्तरी असलेला ऑर्डर क्रमांक घेऊन हीच प्रक्रिया स्वतः करतो आणि दोन सह्या ताडून पाहतो. पावती आणि तिची स्थळप्रत एकमेकींशी लावून पाहावी, तसेच हे काम आहे. लायब्ररीत त्यासाठी तयार आज्ञा असते. पण ती वापरावयाची की नाही, हे संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या हाती असते. ती वगळली, तरी संकेतस्थळ वरकरणी बिनबोभाट चालते. दोष उघड होतो तो पुढे, लेखापरीक्षणाच्या वेळी.

वाटेत तुटलेला व्यवहार

याच्या उलट अडचणही संभवते. पैसे खात्यातून गेले आणि त्याच क्षणी करदात्याच्या मोबाइलचे नेटवर्क गेले, तर परतीचे पान उघडतच नाही. पैसे मात्र पंचायतीच्या नावे जमा होतात. या प्रसंगासाठी सेवेकडून थेट पंचायतीच्या सर्व्हरकडे स्वतंत्र निरोप येण्याची सोय असते. तिला वेबहुक म्हणतात. या निरोपासही सही असते व तीही तपासावी लागते. निरोप पोचला नाही, तर सेवा तो पुन्हा पाठविते. त्यामुळे एकच निरोप दोनदा येणे शक्य आहे. भरण्याचा क्रमांक पूर्वी नोंदला गेला आहे काय, हे पाहूनच पावती द्यावी. नाही तर एका भरण्याच्या दोन पावत्या होतील.

या सोयीकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची झळ नागरिकास बसते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ प्रमाणे, बिल बजावल्यापासून ३ महिन्यांत पंचायतीचा कर न भरणारी व्यक्ती पंचायतीच्या सदस्यपदास अपात्र ठरते. ज्याने कर वेळेवर भरला, पण ज्याची नोंद संगणकात झाली नाही, त्यास आपला भरणा सिद्ध करण्यासाठी बँकेचे उतारे घेऊन खेटे घालावे लागतील. पैसे खात्यातून गेले, पण संस्थेपर्यंत भरण्याची पुष्टीच पोचली नाही, असा प्रकार वेगळा. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकान्वये मुदत ठरविली आहे. यूपीआय किंवा कार्डाने केलेल्या अशा ऑनलाइन भरण्याचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत व्हावयास हवेत. त्यापुढे विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देय होते.

कार्यालयाने काय पाहावे

संकेतस्थळ बाहेरच्या कंत्राटदाराकडून करून घेतले, तरी देखरेख कार्यालयाचीच असते. त्यासाठी संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही. काही प्रश्न विचारणे पुरेसे आहे. पावती देण्यापूर्वी सही सर्व्हरवर तपासली जाते काय? वेबहुकची सोय केली आहे काय? गुप्त किल्ली कोणाकोणाजवळ आहे? ही किल्ली संकेतस्थळाच्या पानात किंवा मोबाइलच्या संदेशात कधीही असू नये, आणि कंत्राटदार बदलला, की ती रद्द करून नवी घ्यावी.

प्रत्यक्ष वापरापूर्वी चाचणी घेण्यासाठी वेगळ्या किल्ल्या मिळतात. त्यांनी केलेल्या व्यवहारात खरे पैसे हलत नाहीत. केवळ यशस्वी भरणा करून पाहणे पुरेसे नाही. भरणा मुद्दाम फसवून पाहावा, मध्येच पान बंद करावे आणि एकच निरोप दोनदा पाठवून पाहावा.

त्यानंतरही दररोजचा ताळमेळ चुकत नाही. सेवेचे शुल्क वजा होऊन रक्कम बँकेत जमा होत असेल, तर पावत्यांची बेरीज आणि बँकेतील जमा यांत फरक दिसेल. तो फरक त्याच दिवशी उलगडून रोकडवहीत नोंदविणे इष्ट होय. शाळेचे शुल्क ऑनलाइन घेणाऱ्या मुख्याध्यापकांनाही हे सारे तितकेच लागू आहे.

लायब्ररीमुळे महिन्यांचे काम दिवसांवर येते, यात शंका नाही. परंतु पैसे पाहिल्यावाचून पावती नाही, हा जुना दंडक तिच्या वापरानेही बदलत नाही.