एसी दुरुस्तीचा अभ्यासक्रम निवडताना

वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती शिकायला आयटीआयचा २ वर्षांचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग टेक्निशियनचा अभ्यासक्रम सर्वांत भरवशाचा; त्याला दहावीनंतर प्रवेश मिळतो. संस्था खासगी असेल, तर नेमक्या त्याच ट्रेडला केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता आहे का, हे आधी पाहावे. एका ट्रेडची मान्यता दुसऱ्याला चालत नाही.

खरी पारख मात्र कार्यशाळेत होते. तांब्याच्या नळीचे ब्रेझिंग (धातू वितळवून जोडकाम) करताना आतून नायट्रोजन सोडला नाही, तर नळीत काळी खपली धरते आणि पुढे बारीक कॅपिलरी नळी तुंबते. नायट्रोजन सोडून ब्रेझिंगचे काम प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतात का, हे विचारावेच. नव्या एसींतला आर-३२ वायू पेट घेऊ शकतो. म्हणून गळती शोधण्याचा आणि वायू हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेण्याचा सराव हवाच.