दोन कंबरांची गुणसूत्रं

सीटी स्कॅन केल्यावर अंगात किती किरणं गेली हे रक्त तपासून कळेल का, असं एका वाचकाने विचारलं आहे. नाही कळत. रक्ताची चाचणी साधारण 100 मिलिग्रे डोसच्या पुढे बोलू लागते. पोटाच्या एका स्कॅनमध्ये जेमतेम 10च्या आसपास मिळतात. किरणांच्या अपघातात सापडलेल्या माणसाच्या छातीवर डोस मोजणारा बिल्ला नसतो, तेव्हा मात्र डॉक्टरांची भिस्त याच चाचणीवर असते.

तिची गंमत राजम्यापासून सुरू होते. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी एरवी विभाजनाच्या भानगडीत पडत नाहीत आणि विभाजन सुरू झाल्याशिवाय गुणसूत्रं नीट दिसत नाहीत. तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून त्या बाजूला काढायला राजम्याचा अर्क वापरत. तोच अर्क या सुस्त पेशींना विभाजनाला लावतो, हे पीटर नोवेल यांच्या 1960 साली फिलाडेल्फियात लक्षात आलं. (कच्चा राजमा बाधतो तो याच द्रव्यामुळे.) दोन दिवसांनी कोल्चिसिन घालून विभाजन अर्ध्यावर रोखायचं. हे औषध आपल्या कळलावीतही असतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन कंबरा असलेली गुणसूत्रं (एरवी कंबर एकच असते) मोजत बसायचं. निरोगी रक्तात हजार पेशींमागे असं एखादंच सापडतं; 1 ग्रे गॅमा किरणांनंतर शंभरात आठ-दहा.

पण डोस तोच असूनही सगळी किरणं सारखी नसतात. यंत्रमागावर एक धागा तुटला तर कामगार गाठ मारून मोकळा होतो. शेजारचे दोन एकदम तुटले की भलत्याच टोकाला गाठ पडते. किरणांनी तुटलेल्या गुणसूत्रांचंही तसंच: दोन कंबरांचं गुणसूत्र हे अशा चुकलेल्या गाठीचंच फळ. 1 ग्रे गॅमा डोसमध्ये पेशीकेंद्रातून हजारेक बारीक रेषा जातात, तुटी विखुरलेल्या पडतात. अल्फा कणांच्या तेवढ्याच डोसला दोन-चार रेषा पुरतात, पण एकेक रेषा वाटेतलं सगळं तोडत जाते. म्हणून डोसागणिक अशी गुणसूत्रं मोजली तर गॅमाचा आलेख आधी रेंगाळतो नि मग उसळतो, कारण डोस वाढला की दोन वेगळ्या रेषांच्या तुटी जवळजवळ पडू लागतात. अल्फाचा सुरुवातीपासून सरळ चढतो. न्यूट्रॉनचाही जवळपास तसाच. किरणं कोणती हे ठाऊक नसेल तर पेशी मोजून काढलेला आकडा फसवा ठरतो.

हे गणित मांडणाऱ्यांत कार्ल सॅक्स यांचं नाव आधी यायला हवं. येतं ते क्ष-किरणांनी उत्परिवर्तनं घडवून दाखवणाऱ्या म्युलरचं. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ सॅक्स यांनी 1938 पासून ट्रेडस्कॅंशियाच्या परागपेशींवर क्ष-किरण सोडले. (आपल्या बाल्कनीतली जांभळ्या पानांची कुंडी याच कुळातली.) तेवढाच डोस सावकाश दिला तर दुहेरी तुटीतून होणारे बिघाड कमी होतात, हे त्यांनीच दाखवलं. पहिली तूट दुसरी पडायच्या आत सांधली जाते.

केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूतल्या थोरियममुळे लोक पिढ्यान्‌पिढ्या असाच सावकाश डोस घेत आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या हजारो नवजात बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं. शेजारच्या साध्या भागातल्या बाळांपेक्षा गुणसूत्रांचे बिघाड लक्षणीयरीत्या जास्त आढळले नाहीत. यावरून 'किरणं निरुपद्रवी' असं कुणी सांगू लागलं तर सांभाळून ऐका: ही बाळं आहेत, साठ वर्षं त्या वाळूवर राहिलेली माणसं नव्हेत.