कपाशीचें पान आणि कपाशीचें बोंड

बुलढाण्याजवळील देऊळघाटच्या शिवारांत, किंवा वऱ्हाडांतील कोणत्याहि काळ्या रानांत, पऱ्हाटीचें एक झाड नीट न्याहाळा. मूळ, पान, फूल आणि बोंड हीं सारीं एकाच बीजापासून झालीं. त्यांच्या पेशींत जनुकेंहि तींच. मग पान हिरवें कां, आणि सरकीवर पांढरा तंतु कां? उत्तर असें कीं, प्रत्येक पेशीजवळ पोथी सबंध असली तरी ती आपल्या वांट्याचेच अध्याय उघडते. जनुक असणें ही एक गोष्ट. तें कोठें, केव्हां आणि किती कार्य करतें, ही अगदीं निराळी.

हा भेद केवळ विद्वानांच्या कामाचा नाहीं. २००२ सालीं आपल्या देशांत बीटी कपाशीस परवानगी मिळाली. मातींतील एका जंतूचें जनुक तिच्यांत घातलेलें असतें. त्यामुळें बोंडअळीस मारक असें प्रथिन झाडांतच तयार होतें. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे डॉ. केशव क्रांती व त्यांचे सहकारी यांनीं असे आठ संकरित वाण तपासले आणि २००५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हें विष पानांत सर्वांत अधिक आढळलें. पातें, म्हणजे न उमललेली कळी, बोंड आणि फूल यांत उत्तरोत्तर कमी. बोंडाची साल व फुलांतील बीजकोश यांत तर तें अपुरें ठरलें. आणि अळीचा डोळा असतो तो नेमका तेथेंच! शिवाय झाडाचें वय वाढलें तसें सर्वच वाणांत विष ओसरत गेलें; मात्र कांहींत लवकर, कांहींत सावकाश. जनुक एकच, पण ज्या घराण्यांत तें आलें त्या घराण्याप्रमाणें त्याचें वर्तन बदललें.

भिन्न जातींकडे वळलों तर गुंतागुंत आणखी वाढते. आपल्या देशी कपाशींत २६ गुणसूत्रें असतात. अमेरिकन कपाशींत ५२, कारण पुरातन काळीं दोन कुळें तिच्यांत एकत्र आलीं. म्हणून तिच्यापाशीं पुष्कळ जनुकांच्या दोन दोन प्रती आहेत. आणि २००३ सालच्या एका संशोधनांत दिसलें कीं, कांहीं जोड्यांपैकीं एका अवयवांत एक प्रत मौन धरते, तर दुसऱ्या अवयवांत दुसरी! तेव्हां दोन जातींची तुलना करावयाची तर पानाशीं पान आणि बोंडाशीं बोंडच ताडून पाहिलें पाहिजे, आणि तेंहि सारख्याच वयाचें.

अपुऱ्या मात्रेंतून ज्या अळ्या तगतात, त्यांचीच संतति पुढें वाढते. शेंदरी बोंडअळी गुजराथेंत पहिल्या बीटी वाणांस जुमानीनाशी झाल्याचें २०१० सालीं जाहीर झालें. २०१७ सालीं तिनें विदर्भांतील कपाशीची मोठी हानि केली. त्याचीं कारणें अनेक असलीं तरी धडा स्पष्ट आहे. नव्या बियाण्याविषयीं ‘त्यांत अमुक जनुक आहे काय?’ एवढेंच विचारून भागत नाहीं. ‘तें बोंडांत काम करतें काय, आणि किती दिवस?’ हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे.