हरवलेला हातचा

बोरी नदीवरचा नळदुर्गचा किल्ला आणि त्यातला पाणीमहाल तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पण ‘नळदुर्ग’ हे नाव संगणक कसे लक्षात ठेवतो, ठाऊक आहे का? त्याला अक्षरे कळत नाहीत, कळतात ते आकडे.

युनिकोड या जागतिक संकेतावलीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. न, ळ, द, उकार, र, हलन्त आणि ग यांचे क्रमांक असे: २३४४, २३५५, २३४२, २३६९, २३५२, २३८१, २३२७. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेत अशा पूर्णांकांची रांग ठेवता येते. तिला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. मजकूर फाइलीत लिहायचा, तर मात्र तो एकेका बाइटच्या घरांत भरतात. या घरांची ओळ म्हणजे ‘कॅरेक्टर बफर’. एका घरात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. मग २३४४ कसा मावणार?

तो तसाच कोंबून पाहू. २३४४ = ९ × २५६ + ४०. घरात ४० उरतो आणि ९ हा हातचा मुकाट्याने गळतो! ४० म्हणजे डावा कंस. पुढे ‘ळ’च्या जागी इंग्रजी तीनाचा आकडा येतो, उकाराच्या जागी इंग्रजी ‘ए’. शाळेच्या दाखल्यावर गावाचे नाव असे छापले गेले तर?

बरे, पूर्णांकाचे चारही बाइट जसेच्या तसे उचलले तर? बहुतेक संगणकांत ते ४०, ९, ०, ० असे मिळतात. हातचा वाचला, पण सी भाषेत शून्य म्हणजे मजकुराचा शेवट. नाव पहिल्याच अक्षराशी अडते.

१९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यावर सुरेख तोड काढली. तिचे नाव यूटीएफ-८. आपल्या अक्षरांसाठी ती अशी: क्रमांकाला ६४ ने भागा. २३४४ = ३६ × ६४ + ४०. पहिल्या घरात २२४ ठेवा. भागाकारात आणि बाकीत १२८ मिळवा. झाले २२४, १६४, १६८! तिन्ही २५५ च्या आत, शून्य कोठेच नाही, आणि उलट गणित केले की २३४४ परत हजर.

सात चिन्हांना २१ घरे लागली, शेवटच्या शून्याला एक, एकूण २२. बफर याहून लहान ठेवला, तर उरलेले आकडे शेजारच्या माहितीवर जाऊन बसतात. म्हणून घरे आधी मोजावीत.

आता ‘ळ’चे तीन आकडे तुम्ही काढा. २२४, १६४, १७९ आले, तर तुमचा हातचा शाबूत आहे!