देवळालीचा 'डूलॅली'

इंग्रजीत कुणाचं डोकं फिरलं की त्याला 'डूलॅली' म्हणतात. या शब्दाचं मूळ गाव नाशिकजवळचं देवळाली. १८६१ साली तिथे ब्रिटिश फौजेची छावणी उभी राहिली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी तिथे थांबत. ही जहाजं साधारणपणे हिवाळ्यातच सुटत. चुकीच्या हंगामात आलेल्याला कित्येक महिने उन्हात, काहीही काम नसताना काढावे लागत. काहींना हिवतापही गाठे. घराच्या ओढीने आधीच खचलेल्या या माणसांचं पुढे काय होत असेल, ते सांगायला नको. त्यांच्या भ्रमिष्ट वागण्याला सोबती 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. हा 'टॅप' म्हणजे आपला ताप! पुढे ताप गळून पडला आणि एकटी देवळाली इंग्रजीत राहिली.