वाळूज : कारखाने, गाव आणि विठोबा

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याकडे निघालं की छावणी मागे पडते आणि थोड्याच वेळात कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. मूळ वाळूज गाव त्याहून पुढे, गंगापूर तालुक्यात. एमआयडीसीला नाव या गावाचं मिळालं. पसारा मात्र रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी अशा शेजारगावांना भिडला.

१९८५ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि या माळरानाचं नशीब पालटलं. सुट्या भागांचे छोटे कारखाने आले, मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांमधली पोरं कामाला लागली, बजाजनगर वसलं. पाळी सुटली की आजही इथले रस्ते दुचाकींनी भरून जातात.

या सगळ्याला पाणी मिळतं ते जायकवाडी धरणाचं.

इथल्याच महामार्गालगतच्या पंढरपूर गावाला सगळे ‘छोटं पंढरपूर’ म्हणतात. आषाढी एकादशीला शहरातून हजारो भाविक टाळ-मृदंगाच्या गजरात इथल्या विठ्ठल मंदिरात पायी येतात. वाटेत साबुदाण्याची खिचडी आणि केळी हातावर पडतात. ज्यांना चंद्रभागा गाठणं जमत नाही, त्यांची वारी इथेच पोचते.

याच रस्त्याने पुढे गेलं की कायगाव टोक्याजवळ गोदावरी आणि प्रवरेचा संगम लागतो. पलीकडच्या तीरावरचं टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर त्यातल्या कोरीवकामासाठी मुद्दाम थांबून पाहावं असं आहे.